भिंतीवरचा कागद

घर बांधतांना भिंतीचा जितका विचार होतो, तितका घर बांधून झाल्यावर कोणी करीत नाहीं. दाराची कडी बसत नसली तर आपण सुताराला निरोप धाडतों, छप्पर गळूं लागलें तर त्याच दिवशीं धांवपळ करितों. भिंत मात्र जोंवर उभी आहे तोंवर ती उभी आहे हें आपण विसरूनच जातों. वर्षांतून एकदां सफेदीचा कुंचा फिरला, म्हणजे तिच्याविषयींचें आपलें कर्तव्य संपलें. आमच्या खानदेशांत तर हें कर्तव्य पंचांगानेंच बांधून दिलें आहे. श्रावणांत कानबाई यावयाची, तिच्या आधीं घर झाडून, पुसून, रंगवून स्वच्छ झालें पाहिजे; मग दिवाळीला पुन्हां एक हात.

अशा भिंतीला कागद चिकटवावयाचा, ही कल्पना अमळनेरसारख्या गांवीं आमच्या पिढीला चमत्कारिक वाटावी, यांत नवल नाहीं. गेल्या दिवाळींत ती आमच्या घरीं आली ती धाकट्या सूनबाईच्या तोंडून. माजघराच्या दोन भिंतींना फुलावेलींचा कागद लावावा, असें तिनें सुचविलें. ज्या घरांत भांड्यांच्या फळीपासून झोपाळ्याच्या कड्यांपर्यंत प्रत्येक गोष्ट ती येण्यापूर्वींच ठरून गेली होती, त्या घरांत तिनें स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. म्हणून मीं त्या कागदाची थोडी माहिती काढावयाचें ठरविलें. जन्मभर शिकविण्याचा धंदा केलेल्या माणसाला होकार काय किंवा नकार काय, आधार मिळाल्यावांचून देववत नाहीं.

युरोपांतील या चालीवर आशियाचें बरेंच ऋण आहे. पक्षी आणि वेली हातानें रंगविलेले चिनी कागद अठराव्या शतकांत ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून विलायतेस जात आणि तेथील श्रीमंतांचीं दालनें सजवीत. इंग्लंडांत अशा शोभेच्या कागदावर १७१२ सालीं कर बसला. तो १८३६ पर्यंत चालला. कर होता छापलेल्या आणि रंगविलेल्या कागदावर. म्हणून हुषार लोक कोरा कागद आणीत, तो भिंतीला चिकटवीत आणि मग त्यावर नक्षी काढून घेत. कर चुकविण्याची बुद्धि ही कोणा एका देशाची मिरास नाहीं, हें वाचून मनाला समाधान वाटतें.

पण या शोभेची दुसरी बाजूही आहे. शेले नांवाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानें १७७५ सालीं तांबें आणि सोमल यांच्या संयोगानें एक मोहक हिरवा रंग तयार केला. पुढील शतकांत असले सोमलाचे हिरवे रंग भिंतींच्या कागदांवर फार खपले. भिंतीला ओल येऊन बुरशी वाढली, म्हणजे त्या रंगांतून विषारी वायु सुटूं शकतो, हें १८९० नंतरच्या वर्षांत गोसिओ या इटालियन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें. आजच्या कागदांवर तसले रंग नसतात. परंतु ओल आणि कागद यांचें वैर अजून मिटलेलें नाहीं, आणि तें कसें चालतें हें प्रत्येक गृहस्थानें समजून घेण्यासारखें आहे.

जमिनींतील पाणी भिंतींत वर चढतें, दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें. येतांना तें मातींतील क्षार बरोबर आणतें. पृष्ठभागापर्यंत येऊन पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात, त्यांचे स्फटिक बनतात आणि ते आंतून गिलाव्याला ढकलूं लागतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असें म्हणतों. माती आणि चुना यांच्या भिंतींतून हें पाणी निदान बाहेर तरी पडतें. आणि चुन्याच्या दाहक गुणामुळें बुरशीही सहसा धरत नाहीं. अशा भिंतीवर प्लॅस्टिकचा लेप असलेला कागद घट्ट चिकटविला, तर पाण्याची वाट बंद होते. मग तें आणखी वर चढतें, किंवा कागदाच्या पाठीमागें सांचून काळी बुरशी धरतें. बाहेरून फुलें टवटवीत दिसतात आणि आंत भिंत कुजत असते.

हा धडा आमच्यापासून फार दूर नसलेल्या अजिंठ्यानें जगाला दिलेला आहे. १८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडलेलीं तेथील चित्रें नुसत्या दगडावर काढलेलीं नाहींत. खडकावर मातीचा लेप, त्या मातींत भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतु, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग, अशी ती रचना आहे. चित्रांचे पोपडे सुटूं लागले म्हणून १९२० नंतर निजाम सरकारानें दोन इटालियन तज्ज्ञ बोलाविले. त्यांनीं पुष्कळ चित्रें सांवरलीं. पण वरून दिलेलें चपड्याचें रोगण पुढें पिवळें पडलें, आणि पुराणवस्तु खात्याला तें मोठ्या कष्टानें काढावें लागलें. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत चित्रसूत्र म्हणून जो भाग आहे, त्यांतही रंगांच्या आधीं भिंतीचीच कृति दिलेली आहे: विटेची पूड, माती, गुग्गुळ, मेण, गूळ, तेल, बेलफळाचा गर. भिंत असेल तर चित्र, ही संस्कृतांतील जुनी उक्ति शास्त्री-पंडितांनीं शरीर आणि धर्म यांविषयीं पुष्कळ वापरली. गवंड्याच्या कामींही ती तितकीच खरी आहे.

तेव्हां पश्चिमेच्या भिंतीला कागद नको, एवढें मीं सूनबाईला सांगितलें. तिला लोणा लागलेला आहे. तो झांकण्यासाठींच कागद हवा होता, पण तेथें चुनाच बरा. कारण कळल्यावर तिनें तें लागलींच मान्य केलें. राहिली देवघराकडची आंतली भिंत. ती अगदीं कोरडी आहे. तरी अडचण खरी तेथेंच होती.

वहिनींनीं कागदाविषयीं एवढेंच विचारलें होतें, "पुसतां येईल ना?" दादा कांहींच बोलले नव्हते, आणि आमच्या घरांत दादा बोलले नाहींत, म्हणजे काय समजावयाचें हें मुलें लहानपणींच शिकतात. त्याचें कारण मला ठाऊक होतें, सूनबाईला नव्हतें. त्या भिंतीवर, देवघराच्या चौकटीलगत, वीतभर रुंदीचा एक पट्टा आहे. त्याला जवळजवळ साठ वर्षांत चुना लागलेला नाहीं. दर पाडव्याला आई आम्हां तिघां भावांना तेथें उभें करी, डोक्यावर पंचांग आडवें धरी आणि शिसपेन्सिलीनें रेघ ओढून शेजारीं वर्ष लिही. मधल्या भावाच्या रेघा १९६६ च्या पाडव्याला थांबतात. त्याच पावसाळ्यांत विषमज्वरानें तो गेला. नऊ वर्षांचा होता. त्यानंतर आईनें कोणाचीच रेघ ओढली नाहीं, आणि सफेदी करणारा आला कीं ती त्याला "एवढें सोडून" म्हणून सांगे. आईच्या मागें तें सांगण्याचें काम वहिनींकडे आलें. त्यांनीं त्या मुलाला पाहिलेलेंही नाहीं. पण एकही वर्ष त्या सांगावयास विसरल्या नाहींत.

मीं हें सारें सूनबाईला सांगितलें. ती बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, चार वर्षें मी रोज या भिंतीशीं पाट मांडतें आहें. मला वाटे, रंगारी आळशी आहे."

तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. पण मला वाटलें, एकत्र कुटुंबांत मोठ्यांची एक समजूत असते कीं घराचा इतिहास भिंतींतून आपोआप झिरपत नव्या माणसापर्यंत जातो. झिरपते ती ओल. इतिहास सांगावा लागतो.

थोड्या वेळानें तीच म्हणाली, "मग तेवढा पट्टा सोडून कागद लावूं या. कडेला सागवानी पट्टी मारूं. पण काका, माझ्या मुलीची रेघ मग कोठें ओढावयाची?"

दादा झोपाळ्यावर होते. झोपाळा थांबलेला मला ऐकूं आला. ते कांहीं बोलले नाहींत. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं माळ्यावरून वडिलांच्या वेळचा ओळंबा काढून त्यांनीं तो माझ्यासमोर आणून ठेविला. तो त्यांचा होकार होता.

पौषांत शुभकार्य नको, म्हणून माघांत काम काढलें. ऋतूच्या दृष्टीनेंही तें योग्यच झालें, कारण पावसाळ्यांत खळ वाळत नाहीं आणि आमच्या वैशाखांत ती हातांतच वाळते. पुढील गोष्टी कोणास उपयोगी पडतील म्हणून लिहितों.

पहिली गोष्ट हिशेबाची. कागदाची एक गुंडाळी सामान्यतः ५३ सेंटिमीटर रुंद व १०.०५ मीटर लांब, म्हणजे सुमारें ५७ चौरस फूट असते. आमची भिंत ११ फूट लांब आणि ९ फूट उंच, म्हणजे ९९ चौरस फूट. क्षेत्रफळाच्या गणितानें दोन गुंडाळ्या पुरतात. परंतु शेजारच्या पट्टीशीं फूल जुळवावयाचें असल्यामुळें प्रत्येक पट्टीमागें फूट-दीड फूट वायां जातो. एका गुंडाळींत तीनच पट्ट्या निघतात आणि भिंतीला सात लागतात. तेव्हां गुंडाळ्या तीन आणाव्या.

दुसरी गोष्ट भिंतीची. चुन्याचे जुने थर सुटत असतात. कागद त्यांना चिकटतो आणि ते भिंतीला चिकटलेले नसतात. म्हणून सैल चुना पत्र्यानें खरवडून, भेगा भरून, पातळ खळीचा एक हात द्यावा आणि तो वाळूं द्यावा. आम्हीं प्लॅस्टिकचा लेप नसलेला साधा कागद आणला आणि खळ घरींच मैद्याची शिजविली. शाळेंतील पुस्तकें बांधण्याच्या सरावानें तींत चिमूटभर मोरचूद घातला, म्हणजे कसर लागत नाहीं. मोरचूद विषारी, मुलांचे हात दूर ठेवावे.

तिसरी गोष्ट ओळंब्याची. खळ लावलेली पट्टी घडी घालून कांहीं मिनिटें ठेवावी. ओला कागद फुगतो, त्याला भिंतीवर जाण्यापूर्वींच फुगूं द्यावें, नाहींतर सुरकुत्या पडतात. आणि पहिली पट्टी कधींही कोपऱ्याशीं जुळवूं नये. आमच्या या काळ्या जमिनी पावसांत फुगतात आणि उन्हाळ्यांत भेगाळतात. तिच्यावरील जुन्या घरांत सरळ कोपरा मिळणें दुर्मिळ. ओळंबा सोडावा, त्याच्या दोरीनें रेघ मारावी आणि तिच्यावर पहिली पट्टी लावावी. दादांनीं ओळंबा धरला, सूनबाई घडवंचीवर चढली, मीं खालून फडक्यानें वारा काढला. सात पट्ट्यांना दिवस गेला. वहिनींनीं मधून मधून येऊन "डावीकडे तिरकें दिसतें" असें सांगितलें आणि दोनदां तें खरेंही निघालें.

पाडव्याला दादांनीं तीन वर्षांच्या नातीला चौकटीशीं उभें केलें, डोक्यावर पंचांग आडवें धरलें आणि रेघ ओढली. वर्ष लिहितांना त्यांचा हात थोडा कांपला. पण अक्षर वाचतां येतें. यंदाच्या श्रावणांत वरच्या कोपऱ्याजवळ कागद दोन बोटें सुटला होता. सूनबाईनें लगेच वाटींत खळ शिजविली आणि तो पुन्हां बसविला. कानबाईच्या आधीं रंगारी आला, तेव्हां चौकटीजवळ उभें राहून "एवढें सोडून" असें त्याला सांगणारा आवाज या वेळीं वहिनींचा नव्हता, सूनबाईचा होता.