हरिपूरच्या वाटेवर

सांगलीहून हरिपुरास जाणारा रस्ता चिंचेच्या जुन्या झाडांखालून जातो. कृष्णा व वारणा यांचा संगम होतो तेथे संगमेश्वराचे देवालय आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे जन्मग्रामही हेच. आजवर आम्ही येथे आलो ते देवदर्शन घेऊन घाटावर घटकाभर बसण्यासाठी. गेल्या फाल्गुनात मात्र देवाच्या नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या दर्शनास गेलो!

प्रकार असा घडला. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. त्याने व त्याच्या दोघा सहाध्यायांनी सूर्याच्या उष्णतेवर हळद वाळविण्याची एक पेटी कल्पिली. वर काचेचे झाकण, आत काळा पत्रा, वारा खेळण्यास छोटासा पंखा. आकृती पाहून घरातील सर्वांनी माना डोलावल्या. अशा दहा पेट्या करून विकावयाच्या, त्यास दोन लाख रुपये लागणार, आणि ते आमच्या निवृत्तीच्या पुंजीतून यावेत, असे जवळजवळ ठरूनही गेले. ही रक्कम आम्ही गळक्या माडीसाठी राखून ठेविली होती. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "घेणारास आधी विचारा तरी."

सबब आम्ही चौघे निघालो. हळदीचा हंगाम ज्याने पाहिला नाही त्यास त्या मळ्यांची कल्पना यावयाची नाही. पाला कापलेला, जमीन उकरलेली, आणि बांधाबांधावर बायका गड्डे व हळकुंडे मोडून वेगळी करीत बसलेल्या. त्यांचे हात, लुगडी, कडेवरची पोरे, सारेच पिवळे. ती हळद मग शिजवावयाची, बारापंधरा दिवस उन्हात वाळवावयाची, आणि शेवटी फिरत्या पिंपात घोळवून तिला झळाळी आणावयाची. पूर्वी मोठ्या काहिलीत शिजवीत. आता गाड्यावर चढविलेला वाफेचा बॉयलर भाड्याने मळोमळ फिरतो. त्या वाफेचा उग्र, मातकट वास आमच्या धोतरास दोन धुण्यांपर्यंत चिकटून होता.

पुतण्याच्या वहीत दहा प्रश्न लिहिलेले. पहिलाच प्रश्न असा : "अशी पेटी मिळाली तर आपण घ्याल का?" जो तो म्हणे, "घेऊ की! लई चांगलं हाय!" दुपारपर्यंत अकरा जणांस विचारून झाले आणि अकराही जण पेटी घ्यावयास सिद्ध! "काका, अकरापैकी अकरा!" पुतण्याचा आनंद गगनात मावेना.

आम्हांस मात्र आमचा वर्ग आठवला. चौतीस वर्षे आम्ही मुलांस "समजले का?" असे विचारीत आलो, चौतीस वर्षे सबंध वर्गाने एका सुरात "हो" म्हटले, आणि सहामाहीच्या उत्तरपत्रिकांनी त्या होकाराची किंमत दाखविली. समजले की नाही हे पाहावयाचे तर मुलास फळ्याजवळ बोलवावे लागते. येथेही उन्हातून आलेली तीन कॉलेजची मुले आणि एक म्हातारा मास्तर पाहून ज्यांनी ताक पुढे केले, ती माणसे तोंडावर "नको" कशी म्हणणार? न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण खरे, परंतु ते आप्ताचे. आणि जी पेटी कोणी पाहिलीच नाही तिच्याविषयी आप्त कोण?

चिंचेखाली शिदोरी सोडली तेव्हा आम्ही सुचविले की आता पेटीचे नावही काढावयाचे नाही. गेल्या वर्षी काय काय घडले, एवढेच पुसावे.

बारावी बाई साठीच्या घरची असेल. हळद मोडता मोडता ती तासभर बोलत होती. वाळवणाविषयी विचारता म्हणाली, "ऊन फुकाट हाय, गुरुजी. पाऊस आला तर ताडपत्री हाय." दीड एकरात तीस क्विंटल वाळलेली हळद झाली होती. पुतण्याने वही उघडली. वाळल्यावर हळद ओलीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास उरते. म्हणजे ओली दीडशे क्विंटल. पेटीत एका वेळी चाळीस किलो, दोन दिवसांत एक खेप. साधे त्रैराशिक, उत्तर साडेसातशे दिवस! त्याने वही मिटली.

बाईचे दुःख निराळेच होते. काढलेली हळद नऊ दिवस ढिगात पडून राहिली, कारण बॉयलरची पाळीच येईना. ढिगाच्या तळची नासली. "मग आपण काय केलेत?" असे पुतण्याने विचारले, हा प्रश्न त्याच्या वहीत नव्हता. "तिघांना फोन केलं. एकाला दोन हजार आगाऊ दिलं. तरी तो मोठा माल बघून शेजारच्या गावाला गेला." यावर मुलांपैकी कोणी बोलेना. अकरा जणांच्या गोड होकारांपेक्षा त्या बाईचे ते दोन हजार रुपये आम्हांस अधिक खरे वाटले.

परतताना गावातील पेवे पाहिली. जमिनीच्या पोटातील या खोल कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिके. २००५ च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवे निकामी झाली. पेवाच्या काठावर पुतण्या हिरमुसून म्हणाला, "काका, किर्लोस्करांच्या नांगरालाही लोक नकोच म्हणत होते!" बोलणे अगदीच फोल नव्हते. १९१० साली ज्यांनी याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसविली, त्या लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी घेत नसत, आणि पहिला विकावयास दोन वर्षे लागली. आम्ही म्हटले, "बाळ, त्यांना नकार मिळाला, आणि त्याचे कारणही मिळाले. कारण कळले की माणूस त्याशी झगडू शकतो. तुला सकाळपासून मिळाला तो नुसता पाहुणचार." हे बोलणे जरा कठोर झाले असावे, सांगलीपर्यंत तो बोलला नाही.

दोन लाख आम्ही दिले नाहीत. परवाच्या रविवारी पुतण्या आमच्याकडून बसभाडे मागून घेऊन पुन्हा गेला, आणि या खेपेस एकटाच. बॉयलरवाल्यांस त्यांच्या पाळ्या कशा लागतात ते विचारावयाचे आहे म्हणाला. पेटीची आकृती घरीच राहिली. तिच्या पाठकोऱ्या बाजूवर सौभाग्यवतींनी माडीच्या कौलांचा हिशेब मांडला आहे.