पाण्याखाली जाणाऱ्याच्या खिशातील नळी

पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागतो. पूर्वी मंडळी काशीयात्रेला किंवा चारधामला निघताना प्रकृती तपासून घेत. आता मालवण, तारकर्ली, गोवा आणि अंदमान यांची भर पडली आहे. मुले-सुना तिकिटे काढतात, त्यात 'स्कूबा' धरलेले असते, आणि साठी ओलांडलेले गृहस्थ संकोचाने विचारतात, "डॉक्टर, मला हे झेपेल का?" ज्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतले आहे असे थोडे ज्येष्ठही माझ्याकडे येतात. त्यांचा प्रश्न अधिक नेमका असतो: पाठीवर हवेची टाकी असताना स्नॉर्केलची नळी जवळ बाळगावी की नाही?

वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मी स्वतः वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी स्कूबा शिकलो. तेव्हापासून दर हिवाळ्यात समुद्राखाली उतरतो आणि नळी बरोबर नेतो. मात्र ती मास्कला लावलेली नसते, खिशात असते. असे का, हे सांगण्यापूर्वी या दोन साधनांमधील फरक पाहू.

स्नॉर्केल म्हणजे साधारण 35 ते 40 सेंटिमीटर लांबीची वाकडी नळी. तोंड पाण्यात बुडलेले असताना तिच्यातून वरची हवा घेता येते. नळी अधिक लांब केली तर अधिक खोल जाता येईल, असे अनेकांना वाटते. पण ते शरीराला मान्य नाही. पाण्याचा दाब छातीवर पडतो आणि नळीतील हवा मात्र पृष्ठभागाच्याच दाबाची असते. एका मीटरवरून अशा नळीने श्वास ओढायचा झाल्यास छातीच्या स्नायूंना आपली जवळजवळ सगळी ताकद एकेका श्वासासाठी खर्च करावी लागेल. शिवाय सोडलेल्या श्वासाचा काही भाग नळीतच राहतो आणि पुढच्या श्वासाबरोबर परत आत येतो. आपल्या श्वसनमार्गात अशी निरुपयोगी जागा मुळातच सुमारे 150 मिलिलिटर असते. नळी त्यात जवळपास तेवढीच भर घालू शकते. म्हणून नळीतून श्वास संथ आणि खोल घ्यायचा असतो. घाबरून भराभर उथळ श्वास घेणारा माणूस स्वतःचीच वापरलेली हवा पुन्हा पुन्हा घेत राहतो.

स्कूबाच्या टाकीत, लोक समजतात तसा शुद्ध प्राणवायू नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. रेग्युलेटर ती हवा भोवतालच्या पाण्याच्याच दाबाने देतो. म्हणून खोलवरही श्वास सहज घेता येतो. यातूनच एक कडक नियम येतो: स्कूबा करताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेली छाती घेऊन कोणी वर आले, तर आतली हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकते. नळी लावून पोहणारा मात्र दम धरून खुशाल बुडी मारतो, कारण त्याने हवा वरूनच घेतलेली असते. दोन्ही साधने वापरणाऱ्याने या दोन सवयींची गल्लत होऊ देता कामा नये.

आता खिशातील नळीकडे वळू. टाकीवाल्याला ती कशाला हवी? डाइव्ह संपवून वर आल्यावर होडी शंभर मीटरवर गेलेली असते, वारा सुटलेला असतो, लाटा तोंडावर आदळत असतात. टाकीत 50 बार हवा उरली आहे असे धरा. 11 लिटरच्या टाकीत ती साडेपाचशे लिटर होते. शांतपणे तरंगणाऱ्याला ती 25 मिनिटांहून अधिक पुरेल. पण धापा टाकीत पोहणाऱ्याला मिनिटाला 50 लिटर सहज लागतात आणि मग हाती उरतात अकरा मिनिटे. अशा वेळी नळी तोंडात धरली की टाकी शिल्लक राहते, तोंडात पाणी जात नाही आणि खाली बघत सावकाश पोहता येते. 'जाकिटात हवा भरून उताणे पडून पाय मारले की झाले' असे काही प्रशिक्षक म्हणतात. शांत समुद्रात ते पुरेसे आहे. उसळत्या समुद्रात, पासष्टीच्या माणसाने, ते मला पुरेसे वाटत नाही.

नळीच्या विरोधातील तक्रारीही खोट्या नाहीत. मास्कला लावलेली नळी प्रवाहात मास्क ओढते आणि आत पाणी शिरते. केसांत गुंतते. आपल्या किनाऱ्यावर तुटलेली जाळी पाण्यात पडलेली असतात, त्यांत अडकते. घाबरलेला माणूस रेग्युलेटर समजून पाण्याखाली नळीच तोंडात घालण्याचा धोकाही आहे. म्हणून माझे मत असे की गुंडाळता येणारी सिलिकॉनची नळी जाकिटाच्या खिशात ठेवावी आणि वर आल्यावर मास्कच्या डाव्या बाजूस लावावी. रेग्युलेटरची नळी उजव्या खांद्यावरून येते, म्हणून डावी बाजू. पण ज्यांच्या बोटांना संधिवात आहे त्यांनी ही क्रिया आधी तरणतलावात करून पाहावी. बोटे ओली, गार आणि आखडलेली असताना ती छोटी खाच सापडत नाही. त्यांना ती सापडत नसेल, तर नळी सुरुवातीपासून मास्कला लावलेलीच बरी. जाळ्यांपासून मात्र दूर राहावे. प्रशिक्षकाचा हात धरून एकदाच खाली जाऊन येणाऱ्या पर्यटकाला या सगळ्याची गरज नाही. त्याला वर आणणे आणि होडीपर्यंत पोहोचवणे हे प्रशिक्षकाचे काम आहे.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. 'स्कूबा नको, वय झाले. त्यापेक्षा बाबांना स्नॉर्केलिंग करू द्या,' असे कुटुंबे सहज ठरवतात. लाइफ जॅकेट आहे, खोली फार नाही, मग कसला धोका?

काही वर्षांपूर्वी एक सदुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक माझ्याकडे होडीवरून थेट आणले गेले. पंधरा मिनिटे नळी लावून प्रवाहाविरुद्ध पोहले आणि त्यांना धाप लागली. बरोबरचे सगळे सांगत होते, 'पाणी प्यायले.' गुरुजी मान हलवून नाही म्हणत होते. बोलण्याइतका श्वास नव्हता. खोकल्यातून गुलाबी फेस येत होता, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी बुडबुडल्यासारखा आवाज होता आणि रक्तदाब 190 वर 110. त्यांना ताठ बसवले, प्राणवायू लावला, लघवीचे इंजेक्शन दिले आणि रुग्णवाहिकेतून पुढे पाठवले. तिसऱ्या दिवशी ते घरी आले. त्यांनी खरोखरच पाण्याचा घोट घेतलेला नव्हता. फुप्फुसात साठलेले पाणी त्यांच्याच रक्तातले होते.

त्याचे कारण असे. पाण्यात शिरताच पाण्याचा दाब हातापायांतील रक्त छातीकडे ढकलतो. हे प्रमाण अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक असू शकते. तरुण हृदय ते सांभाळून घेते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने जाड आणि ताठर झालेल्या हृदयाला ते जड जाते. त्यात नळीतून जोर लावून श्वास ओढला की छातीतील दाब आणखी उतरतो आणि केशवाहिन्यांतील द्रव फुप्फुसात झिरपू लागतो. अरुंद नळी, पाणी रोखणाऱ्या झडपा, प्रवाहाविरुद्धची धडपड, या सगळ्यांनी श्वास अधिक जोराने ओढावा लागतो. म्हणून ज्येष्ठांना मी रुंद, साधी नळी सुचवतो. संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क सुचवत नाही.

किनाऱ्यावर किंवा होडीत थांबणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नळी लावलेला माणूस संकटात असतो तेव्हा ओरडत नाही. तोंड खाली करून निश्चल तरंगणे हेच स्नॉर्केलिंगचे नेहमीचे दृश्य असते आणि बेशुद्ध माणूसही तसाच दिसतो. तेव्हा आपल्या माणसाबरोबर हाताच्या अंतरावर कोणीतरी असावे आणि दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावर हात ठेवून 'ठीक आहे' ही खूण त्यांनी करावी, असे आधीच ठरवा. धाप लागली, खोकला सुरू झाला की 'जरा थांबा, बरे वाटेल' नाही, ताबडतोब बाहेर. बाहेर काढल्यावर आडवे झोपवू नका, बसवा. बरे वाटले तरी तपासणी झाल्याशिवाय पुन्हा पाण्यात जाऊ देऊ नका.

फिटनेसच्या कागदावर सही मागणाऱ्यांना मी रक्तदाबाची वही, जिन्याचे मजले आणि गोळ्यांची पाकिटे दाखवायला सांगतो. काही गोळ्या हृदयाचा वेग वाढू देत नाहीत आणि श्रमांची मर्यादा खाली आणतात. सहलीपुरती गोळी बंद करण्याचा परस्पर विचार मात्र कोणी करू नये. मधुमेह असेल तर पाण्यात साखर उतरल्याचे लवकर कळत नाही. परतीचे विमान असेल तर एका स्कूबा डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास थांबावे लागते. नळीवाल्यांना ही अट नाही.

गेल्या डिसेंबरात गावातल्याच एक आजी आल्या होत्या. वय एकाहत्तर, रक्तदाब आटोक्यात, रोज विहिरीचे पाणी ओढणाऱ्या. नातीबरोबर कंबरभर पाण्यात नळी लावून मासे बघायचे होते. मी सगळे तपासले, हो म्हटले. दारापर्यंत जाऊन त्या परत वळल्या. "डॉक्टरानू, कवळी काढूची काय तशीच ठेवची?"

प्रश्न रास्त होता. नळीचे तोंड दातांनीच धरायचे असते. सैल कवळी निसटून घशात जाऊ शकते. ती आधी दंतवैद्याकडून घट्ट करून घ्यावी, नाही तर काढून ठेवून नळी नुसत्या हिरड्यांनी धरता येते का ते घरी बादलीत तोंड बुडवून पाहावे. आजींनी बादलीच निवडली.