समासातली प्रश्नचिन्हे

“मॅडम, स्मरणिका आहे, ऐंशी पानांची. नुसती नजर टाकायचीय. पानाला किती घेता?” मुद्रितशोधनाच्या कामाची बोलणी बहुधा इथूनच सुरू होतात. दराचा प्रश्न रास्त आहे, पण पान म्हणजे किती मजकूर हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. डेमी आकारातले ऐसपैस पान आणि ए-फोरवर तीन स्तंभांत बारीक टाइपात कोंबलेला वार्षिक अहवाल यांत वाचायचे शब्द सारखे नसतात. म्हणून दर शब्दांवर ठरवावा. त्यात दोन्ही बाजूंची सोय आहे. एकदा ते झाले, की ज्याला काम द्यायचे त्याच्याबद्दल एक गोष्ट आवर्जून पाहावी : हा माणूस आपल्याला शंका विचारील का?

बाहेरची कामे घेऊन घरी बसून प्रुफे वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि माझे मत पक्के होत गेले आहे. मुद्रितशोधक पारखायचा तो त्याने समासात मांडलेल्या प्रश्नचिन्हांवरून. दुरुस्त्या नियमाने होतात. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. ते अठरा नियम, अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ आणि यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ हाताशी असले, की ‘पारंपारिक’चे ‘पारंपरिक’, ‘महत्व’चे ‘महत्त्व’, ‘गरीबांना’चे ‘गरिबांना’ करताना कुणाला विचारावे लागत नाही. ही मेहनतीने कमावण्याची विद्या आहे आणि ती यायलाच हवी. पण छापून आल्यावर संस्थेला खरोखर महागात पडणाऱ्या चुका बहुतेक वेळा कोशात सापडत नाहीत.

एका पतसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवी अंकाचे प्रूफ वाचत होते. नवव्या पानावर अध्यक्षांच्या मनोगतात स्थापना १९७४ ची. एकेचाळिसाव्या पानावर जुन्या सचिवांच्या आठवणींत ‘पंचाहत्तर साली आपण संस्था काढली’. दोन्ही वाक्ये व्याकरणाने निर्दोष. कदाचित अर्ज आदल्या वर्षी झाला असेल आणि कारभार पुढच्या वर्षी सुरू झाला असेल. कदाचित सचिवांची आठवण एका वर्षाने सरकली असेल. मी अंदाजाने एक आकडा बदलला असता तर अंक एकसारखा दिसला असता आणि चूक कायमची झाली असती. म्हणून समासात लिहिले : ‘पृ. ९ व पृ. ४१ – स्थापनावर्ष वेगळे. नोंदणीपत्र पाहून कळवावे.’ त्याच अंकात एका छायाचित्राखाली ‘डावीकडून’ म्हणून सहा नावे होती आणि फोटोत माणसे सात. तिथेही प्रश्नचिन्ह.

कधी प्रश्न हात आवरण्याचा असतो. संस्थापकांचे १९५२ सालचे पत्र अंकात घेतलेले असते आणि त्यात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘येथें’ असे अनुस्वार जागोजाग. महामंडळाचा नियम सांगतो, की केशवसुतपूर्व पद्य आणि चिपळूणकरपूर्व गद्य मुळाबरहुकूम छापावे, त्यानंतरचे लेखन आजच्या नियमांप्रमाणे. अक्षरशः घेतले तर पत्रातले अनुस्वार काढायला हवेत. पण ते पत्र संस्थेचा दस्तऐवज म्हणून छापायचे असेल, तर त्याचे जुने रूपच मोलाचे. हा निर्णय संपादकाचा. मी फक्त विचारते.

संकेतस्थळांची कामे येऊ लागली तसे शंकांचे प्रकार वाढले. ‘ॲडमिशन’मधले पहिले अक्षर लोक तीन तऱ्हांनी टंकतात. ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर. ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन केलेला ‘अॅ’ हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो निराळा. आणि तिसरा ‘ऍ’. शाळेच्या संकेतस्थळावर मेनूत एक, सूचनेत दुसरा आणि अर्जावर तिसरा असला, तर शोधखिडकीत एक रूप टंकणाऱ्या पालकाला उरलेली दोन पाने सापडतीलच असे नाही. कागदावर असली विसंगती फार तर डोळ्यांना खटकते. इथे ती माणसाची वाट अडवते. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली नसेल, तर काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणला, की रफार आणि वेलांट्या जागा सोडतात. म्हणून संकेतस्थळाचे प्रूफ वर्ड फाइलमध्ये वाचून भागत नाही. ते चढवल्यावर मोबाइलवर पुन्हा वाचावे लागते. बटणे, अर्जाखालच्या सूचना, चूक झाल्यावर येणारा संदेश, सगळे.

शब्दतपासनीस सॉफ्टवेअर जरूर वापरावे, मीही वापरते. पण ‘जागतिक महिला दीन’ त्यातून सुखरूप पार पडू शकतो, कारण ‘दीन’ हाही शब्द आहेच.

तेव्हा काम द्यायचे असेल तर असे करा. तुमच्याच मजकुराची दोन पाने नमुन्यादाखल पाठवा आणि त्यांचे पैसे द्या. परत आलेल्या पानांवर तीन गोष्टी बघा : नियमाच्या चुका निघाल्या का, लेखकाची चांगली वाक्ये विनाकारण बदललेली नाहीत ना, आणि तुम्हाला उत्तर द्यावे लागेल असे काही विचारले आहे का. पसंत पडले तर मजकूर अंतिम झाल्यावरच सोपवा. अध्यक्ष, कार्यवाह आणि मांडणी करणारा यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आपापले बदल पाठवत राहू नये. सगळे बदल एकाच माणसाकडून जावेत. दुरुस्त्या घातल्यावर दुसरे प्रूफ दाखवाच, कारण एक ओळ सुधारताना शेजारची बिघडते, एक शब्द वाढला की पान सरकते आणि अनुक्रमणिका खोटी ठरते. उद्या छपाई आणि आज रात्री प्रूफ, असे कुणाच्याही गळ्यात मारू नका. घाईत डोळा अक्षरे न वाचता अपेक्षित शब्द वाचू लागतो, आणि त्यालाच तर रोखण्यासाठी तुम्ही पैसे मोजत असता.

बिल चुकते करताना लाल खुणा मोजू नयेत. स्वच्छ मजकूरही शब्दन् शब्द वाचावाच लागतो. आणि शंकांची यादी आली, की एकेका शंकेला उत्तर द्यावे. ‘तुम्हीच बघा काय ते’ म्हणून भागत नाही. वर्ष, रक्कम, आडनाव यांची खात्री तुमच्याचकडे असते, आणि ‘छापण्यास हरकत नाही’ या शेऱ्याखाली सहीही तुमचीच हवी. देणगीदारांच्या यादीत काहींचे नाव आयुष्यात पहिल्यांदा आणि कदाचित शेवटचे छापून येत असते. ते बिनचूक यावे म्हणून छपाई एक दिवस पुढे गेली, तर खुशाल जाऊ द्यावी.