तो अंबाडा बघा आधी!

तुम्ही ‘व्हर्टिगो’ बघितलाय? नाही? मग हातातलं काम ठेवा बाजूला! बघितलाय? मग मला आजवर सांगितलं का नाहीत! 1958 चा सिनेमा, आल्फ्रेड हिचकॉकचा, सगळ्या जगाला माहीत असलेला, आणि मी तो आत्ता बघितला आणि तेव्हापासून घरभर फिरतोय! सिनेमातलं शास्त्र मला कळत नाही. भिंगं, प्रकाशयोजना, संकलन, यातलं काहीही मला विचारू नका. पण त्या कलादालनातल्या दृश्याबद्दल मला आत्ताच्या आत्ता कुणाशी तरी बोलायचंय, आणि तुम्ही सापडलात!

तर बघा. सॅन फ्रान्सिस्को. लीजन ऑफ ऑनर नावाचं कलादालन. बाकावर मॅडलिन बसलीय, करड्या सूटमध्ये, आपल्याकडे पाठ करून. समोर भिंतीवर एका बाईचं चित्र. कार्लोटा वाल्देस तिचं नाव, मॅडलिनची पणजी, 26 व्या वर्षी जीव दिलेली. आणि मॅडलिनही 26 चीच! पणजीने हिला झपाटलंय असं हिच्या नवऱ्याला वाटतं, म्हणून त्याने आपल्या जुन्या मित्राला, स्कॉटीला, हिच्यावर पाळत ठेवायला सांगितलंय. हा स्कॉटी म्हणजे जेम्स स्टुअर्ट, पोलीस खात्यातून बाहेर पडलेला डिटेक्टिव्ह, उंचीची भयंकर भीती असलेला. तो दुरून बघतोय. कुणी काही बोलत नाही! कॅमेरा बाकावर ठेवलेल्या फुलांच्या गुच्छावर जातो, आणि मग हळूच चित्रातल्या कार्लोटाच्या गुच्छावर. तोच गुच्छ! आणि मग मॅडलिनच्या मानेवरच्या अंबाड्यावर, केस आत आत वळत गेलेत, मधोमध काळा भोवरा, आणि मग कॅमेरा चित्राकडे सरकतो आणि तिथे कार्लोटाचा अंबाडा. तसाच! तसाच वळलेला! आणि मागे बर्नार्ड हरमनचं संगीत, हाबानेराच्या संथ ठेक्यावर तेच तेच घोळणारं, की आपल्यालाही वाटायला लागतं, ही बाई चित्र बघतेय की चित्र तिला बघतंय? त्या चित्रात आणखी एक वस्तू आहे. कुठली ते सांगणार नाही. पण नीट बघून ठेवा!

आणि एकदा तो भोवरा दिसला ना, की तो सगळीकडे दिसतो! अगदी श्रेयनामावलीपासून! सॉल बासने ती केलीय: एका बाईचा चेहरा, मग डोळा, आणि त्या डोळ्यातून गरगरत बाहेर येणारी वलयं. ती वलयं जॉन व्हिटनीची. आणि मग सेक्वॉयाच्या प्रचंड खोडाचा आडवा काप, त्यावरची शेकडो वर्षांची वर्तुळं, आणि मॅडलिन हातमोजा घातलेल्या बोटाने त्यावर आपला जन्म आणि आपला मृत्यू दाखवते! अंगावर काटा! आणि मग तो जिना! स्कॉटी चर्चच्या मनोऱ्याच्या जिन्यावरून खाली बघतो आणि जिना डोळ्यांदेखत लांबतो, ताणला जातो, खोल खोल जातो. हे कसं केलं म्हणता? कॅमेरा मागे घ्यायचा आणि त्याच वेळी भिंगाने दृश्य जवळ आणायचं! तेसुद्धा खऱ्या जिन्यावर नाही, जिन्याची छोटी प्रतिकृती आडवी ठेवून. तेवढ्या दृश्याला 19,000 डॉलर लागले. क्षणभराचं दृश्य! आणि पोटात जो गोळा येतो तो आजही येतो!

आता थोडं फोडावंच लागेल. मॅडलिन मरते. स्कॉटी कोलमडतो, दवाखान्यात पडून राहतो, आणि बाहेर आल्यावर रस्त्यात त्याला एक मुलगी दिसते. जूडी. दुकानात काम करणारी, भडक रंगांचे कपडे घालणारी, वेगळ्याच चालीची, पण चेहरा! दोघीही किम नोव्हाकच! आणि मग स्कॉटी तिला घडवायला घेतो. तसाच करडा सूट शोधायला दुकानं पालथी घालतो. बूट तसेच हवेत. केसांचा रंग तसाच हवा. ती बिचारी म्हणते, जशी आहे तशी मी नाही का चालणार? तो ऐकतच नाही! आणि मग ती येते, सूट तोच, केसांचा रंग तोच, पण केस मोकळे. फक्त अंबाडा राहिलाय. आणि त्या क्षणी, खरं सांगतो, मला वाटलं, अगं बांध ना! तेवढंच कर ना! मला वाटलं! त्या माणसाचा छळ इतका वेळ बघत होतो, राग येत होता, आणि शेवटची रेघ ओढायची वेळ आली तर ब्रश माझ्याही हातात! आणि मग ती आत जाते, दार उघडतं, आणि खिडकीबाहेरच्या निऑन पाटीच्या हिरव्या उजेडात, धुक्यातून यावी तशी ती चालत येते, आणि चित्र पुरं होतं. मला आनंद झाला! आणि पाठोपाठ भीती वाटली. हिचकॉकने आपल्याला यात सामील करून घेतलंय! तुम्हालाही घेणार, बघाल तुम्ही!

कारण, हे मला राहून राहून वाटतं, स्कॉटी बाईवर प्रेम करतच नाही. तो चित्रावर प्रेम करतो. कुणीतरी आधीच रचून, चौकटीत बसवून त्याच्यासमोर ठेवलेल्या चित्रावर. (एक मोठं रहस्य हिचकॉक सिनेमा संपायच्या बराच आधी सांगून टाकतो. ते मी लिहिणार नाही, पण त्यानंतर जूडीचा चेहरा बघा, फक्त तिचा!)

आणि पडद्यामागची गोष्ट तर आणखी झपाटणारी! मॅडलिन-जूडीची ही भूमिका आधी व्हेरा माइल्ससाठी ठरली होती. तिला दिवस गेले, म्हणून किम नोव्हाक आली. म्हणजे दुसरीसाठी आखलेल्या बाह्यरेषेत हिला उभं केलं! तो करडा सूट तिला नको होता, अवघडल्यासारखं व्हायचं. वेशभूषाकार ईडिथ हेडला तिने तसं सांगितलंही, पण हिचकॉक हटला नाही, सूट करडाच हवा! आणि मग तिने ते अवघडलेपणच मॅडलिनला देऊन टाकलं. तिची ती ताठ पाठ आठवा! आणि मनोरा? सान हुआन बाउतिस्ताचं चर्च खरं आहे, पण तेव्हा तिथे असा मनोराच नव्हता! तो रंगवून दृश्यात जोडलाय! म्हणजे ज्या मनोऱ्याला बघून आपले तळवे घामेजतात, तोही एक चित्रच!

1958 मध्ये समीक्षकांना हा फारसा रुचला नव्हता म्हणे. 2012 मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षक-मतदानात तो सर्वोत्तम ठरला, थेट ‘सिटिझन केन’ला मागे टाकून. ठीक आहे. क्रमांकाचं मला फार काही नाही. मला मिजबद्दल बोलायचंय!

मिज! स्कॉटीची मैत्रीण, चष्मेवाली, चित्रं काढून पोट भरणारी, त्याच्यावर मनापासून प्रेम करणारी. बार्बरा बेल गेडिसने काय गोड केलीय! ती काय करते, तर कार्लोटाचं हुबेहूब चित्र काढते. तोच गुच्छ, तोच पोशाख, आणि चेहरा स्वतःचा. चष्म्यासकट! किती हसरी, किती धीट चाल! सगळा सिनेमाभर बायकांना कुणी ना कुणी चौकटीत बसवतंय, आणि ही एकटी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चेहऱ्याने तिथे जाऊन बसते! आणि स्कॉटीला ते सहनच होत नाही. तो निघून जातो. ती स्वतःचे केस ओढते, चित्रावर ब्रश फिरवते. पुढे दवाखान्यात ती त्याला मोझार्ट ऐकवायला येते, तो हूं की चूं करत नाही, आणि मग ती लांबलचक मार्गिकेतून चालत जाते आणि सिनेमातून नाहीशी होते. परत येतच नाही! का? मी तिची वाट बघत होतो! जूडीला सावध करायला तरी कुणी हवं होतं ना! आज रात्री बघा, 128 मिनिटांचाच आहे, आणि मिजबद्दल तुमचं काय म्हणणं पडतं ते सांगायला लगेच फोन करा, कितीही वाजलेले असू देत!