हिऱ्याचें पूर्वचरित्र

सोन्याला एक मोठें सुख आहे. त्याला पुनर्जन्म आहे. आजीची पाटली मोडून नातीच्या बांगड्या करावयाचें ठरलें, कीं ती पाटली मुशींत जाते, अग्नींतून निघते, आणि तिच्या गतायुष्याचा मागमूसहि उरत नाहीं. घडणावळ बुडते, थोडी घट जाते; पण उरलेल्या सोन्याचा भाव त्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत छापलेला असतो. हिऱ्याचें तसें नाहीं. त्याला कोणी वितळवीत नाहीं. (लाव्हाझिएनें १७७२ सालीं हिरा जाळून पाहिला होता, पण तें शास्त्रासाठीं!) जुन्या कोंदणांतून काढला, तेजाबांत धुतला, नव्या कोंदणांत बसविला, कीं तोच हिरा, त्याच वजनानें आणि त्याच तेजानें, काचेच्या पेटींत नवा म्हणून मिरवूं लागतो.

या गोष्टीकडे माझें लक्ष गेलें तें आक्कामुळें. आक्का माझी थोरली बहीण. गेल्या वर्षीं ती आपल्या हिऱ्यांच्या कुड्या विकावयास निघाली. गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावयाची होती, आणि मुलापुढें हात पसरणें तिच्या स्वभावांत नाहीं. एकेका कुडींत सात हिरे. चाळीस वर्षांपूर्वीं यजमानांनीं हौसेनें घेतलेले. मी बरोबर गेलों तो केवळ भाऊ म्हणून. रत्नपरीक्षेंत माझी गति शून्य आहे.

पेढीचा तरुण मालक अत्यंत विनयशील होता. त्यानें भिंगांतून चौदाहि खडे पाहिले, आणि जी रक्कम सांगितली ती ऐकून आक्कानें माझ्याकडे पाहिलें.

“काकू, जुना माल आहे,” तो म्हणाला. “रोख हवे असतील तर एवढेच. बदल्यांत दुसरा दागिना घेतलात तर बराच वाढवून देतां येईल.”

“या खड्यांचें तुम्ही काय करणार?” मीं विचारलें.

“दुसऱ्या दागिन्यांत बसवूं.”

“जुने म्हणून?”

“छे, सर! हिरा कधीं जुना होतो का?”

तर्कशास्त्र शिकविण्यांत माझीं पंचवीस वर्षें गेलीं. पण काउंटरच्या अलीकडे जुना आणि पलीकडे नवा असा पदार्थ मला कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत भेटला नव्हता.

त्या तरुणावर मला अन्याय करावयाचा नाहीं. घाऊक व्यापारी त्याला हिरे जांगड देतो. विकले तर पैसे, नाहीं तर माल परत. मग आक्काच्या खड्यांत त्यानें आपला पैसा कां गुंतवावा? शिवाय रंग, स्वच्छता, पैलू यांवर प्रत्येक खड्याची किंमत बदलते, तेव्हां सोन्यासारखा एकच भाव छापणें शक्य नाहीं. त्यांत अलीकडे कारखान्यांत वाढविलेल्या हिऱ्यांनीं बाजार हलवून सोडला आहे. हें सारें मला पटलें. १९४७ सालीं डी बिअर्स कंपनीसाठीं फ्रान्सिस गेरेटी या बाईनें हिरा चिरंतन असल्याचें चार इंग्रजी शब्दांचें घोषवाक्य लिहिलें. त्यांतली खुबीहि तेव्हांच उमगली. चिरंतन वस्तु कोणी विकावयास काढीत नाहीं, आणि कोणी काढली नाहीं म्हणजे तिचा परतीचा भाव काय हेंहि कोणाला कळत नाहीं.

पटलें नाहीं तें मौन. “गिऱ्हाइकाला सांगत कां नाहीं?” असें मीं विचारलें, तेव्हां तो जरा घुटमळला.

“सर, आमच्याकडची पुष्कळशी खरेदी लग्नाची. हिरा लाभतो कीं नाहीं हें पाहायला लोक तो रात्रभर उशाखालीं ठेवतात. आधीं दुसऱ्या कोणाचा होता म्हटलें, कीं पहिला प्रश्न येतो, त्या बाईचा नवरा आहे ना?”

बोलतां बोलतां त्याची दृष्टि आक्काच्या कपाळाकडे गेली, आणि तो एकदम गप्प झाला. आक्का शांतपणें म्हणाली, “बाळ, पस्तीस वर्षें संसार झाला माझा या कुड्यांवर. सांगून विक. ज्याला नको त्यानें घेऊं नये.” तिनें रोख पैसेच घेतले. गुडघा आतां बरा आहे.

त्या रात्रीं मला नाशिकचा हिरा आठवला. त्र्यंबकेश्वराच्या देवळांतला म्हणून प्रसिद्ध असलेला हा हिरा १८१८ सालीं, पेशवाई बुडतांना, दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हातीं गेला. लंडनच्या जवाहिऱ्यांनीं तो विकत घेतला. पुढें तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसाच्या तलवारीच्या मुठीवर बसला. १९४० सालीं हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्यानें तो घेऊन नव्यानें पैलू पाडले, तेव्हां ८० कॅरटांच्या त्या खड्याचें वजन ४३.३८ कॅरटांवर आलें. १९७० सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत त्याला ५,००,००० डॉलर मिळाले. एवढे हात, एवढी लूट, एका राज्याचा अंत! पण तो कोणाला लाभला, हें तेथें कोणीं विचारलें असेल असें मला वाटत नाहीं. उलट हेंच पूर्वचरित्र त्याचें भूषण ठरलें. पेशव्यांचा पराभव हिऱ्याची किंमत वाढवितो, आणि आक्काचें वैधव्य मात्र लपवावें लागतें!

आजकाल खड्याबरोबर प्रयोगशाळेचा दाखला मिळतो. त्यांत वजन, रंग, स्वच्छता, सारें असतें; कित्येकदां हिऱ्याच्या कडेवर लेसरनें कोरलेला सूक्ष्म क्रमांकहि असतो. जन्मपत्रिका अशी पूर्ण. पूर्वचरित्राला मात्र रकानाच नाहीं. पावतीवर ‘पूर्वीं वापरलेला’ एवढे दोन शब्द लिहावे आणि त्या मानानें किंमत उतरवावी, एवढेंच माझें मागणें आहे. जुनीं घरें, जुन्या मोटारी, जुनीं पुस्तकें आपण उघडपणें घेतोंच कीं! गिऱ्हाईक बिथरेल ही व्यापाऱ्याची भीति मला समजते. पण ती त्याच्या मौनावरच पोसली आहे. दुसऱ्याचे हिरे लेवून सुखानें नांदणाऱ्या सुवासिनी आज घरोघर असतील. त्यांना तें ठाऊक नाहीं, म्हणून ती समजूत खोटी ठरण्याची वेळच येत नाहीं.

येत्या मार्गशीर्षांत माझ्या मुलीचें लग्न आहे. जुना हिरा चालेल का, असें मीं तिला भीतभीतच विचारलें. ती हिशेबतपासनीस आहे. “बाबा, किती स्वस्त पडेल?” तिनें विचारलें. मला उत्तर देतां आलें नाहीं. कारण तसें सांगून विकणारी पेढी मला अजून सांपडलेली नाहीं.