बंगळुरूत साइडिंग शोधताना

मॉडेल रेल्वेच्या छंदात एक टप्पा असा येतो, की टेबलावर गोल फिरणाऱ्या गाडीचा कंटाळा येऊ लागतो. गाडी सुटते, बोगद्यातून बाहेर पडते आणि पुन्हा त्याच स्थानकात येऊन उभी राहते. ती काय घेऊन चालली आहे आणि कोणासाठी, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पुण्यात १९९८ पासून सुरू असलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना गाड्यांच्या त्या लगबगीचा मोह ठाऊक आहे. पण मोह मुरला, की छांदिष्टाला कामाची रेल्वे हवीशी वाटते. एखादी औद्योगिक वसाहत, तिच्यात शिरणारा एक रूळ, त्याला फुटलेल्या चार साइडिंगा आणि प्रत्येक कारखान्याच्या दारात उभी असलेली एक-दोन वाघिणी.

हे चित्र बहुधा अमेरिकी किंवा ब्रिटिश पुस्तकांतून आलेले असते. तिकडे ते खोटे नाही. एका छोट्या इंजिनाने आठ-दहा वाघिणी घेऊन वसाहतीत शिरायचे, दोन कागदाच्या कारखान्यात ठेवायच्या, एक शीतगृहातून काढायची, असे काम तिकडे अनेक दशके चालत आले आहे. त्यातूनच शंटिंगची कोडी जन्मली. ब्रिटनमधील ॲलन राइट यांचे ‘इंगलनूक साइडिंग्ज’ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. तीन छोट्या साइडिंगा, आठ वाघिणी, आणि त्यांतल्या पाच नेमून दिलेल्या क्रमाने जोडून गाडी तयार करायची. आठांतून पाच क्रमाने निवडण्याचे प्रकार ८×७×६×५×४, म्हणजे ६७२० होतात. हातभर लांबीच्या फळीवर आयुष्यभर पुरेल इतके गणित मावते.

बंगळुरूत राहणारा छांदिष्ट हे चित्र मनात ठेवून शहराचा नकाशा उघडतो, तेव्हा त्याची निराशा होते. पीण्या ही आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक मानली जाते आणि तुमकुरूकडे जाणारा रेल्वेमार्ग तिच्यापासून फार दूर नाही. तरी तिथला माल टेम्पोतून येतो आणि ट्रकमधून जातो. याचे कारण शहराच्या उद्योगांच्या स्वभावात आहे. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना उभारला. पुढे १९४८ मध्ये टेलिफोनचा, १९५३ मध्ये यंत्रावजारांचा आणि १९५४ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आला. विमान, टेलिफोन, लेथ, रडार या वस्तू किमतीला जड पण वजनाला हलक्या. दर टनामागे ज्या वस्तूची किंमत अधिक, तिला रेल्वेची स्वस्त पण संथ वाहतूक फारशी मोहवत नाही. याउलट चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसचा कोळसा किंवा तिथले सिमेंट पाहावे. तेथे वजन हाच धंदा असल्याने रूळ खाणीच्या आणि कारखान्याच्या थेट अंगणात शिरलेले दिसतात.

दुसरे कारण रेल्वेच्या धोरणात आहे. एके काळी भारतीय रेल्वेही सुट्या वाघिणी घेत असे. त्या मोठ्या वर्गीकरण यार्डांत सोडवल्या जात, पुन्हा जोडल्या जात, आणि एकेक वाघीण आपल्या मुक्कामी पोहोचेपर्यंत दिवसच्या दिवस जात. १९८० च्या दशकात रेल्वेने यातून अंग काढून घेत पूर्ण रेकवर भर दिला. एका जातीचा माल, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, वाटेत तोडफोड नाही. देशाच्या मालवाहतुकीसाठी तो निर्णय योग्यच होता. पण त्यासोबत एका वाघिणीचा छोटा गिऱ्हाईक संपला आणि इंगलनूकसारखे कोडे भारतीय वास्तवातून हद्दपार झाले. आजच्या बंगळुरूच्या लेआउटवर कारखान्याच्या दारात एकटी वाघीण ठेवणारा मॉडेलकार सुंदर चित्र काढत असेल, परंतु ते बंगळुरूचे चित्र नव्हे.

मग रुळांवरून या शहरात काय येते? धान्य, सिमेंट, खत, पोलाद, इंधन आणि कंटेनर. हे शहर बहुतांशी रुळांवरून जेवते आणि रस्त्याने कमावते. हे ध्यानात आले, की शोधाची दिशाच बदलते. कारखान्यांच्या वसाहती सोडून मालधक्के, आगारे आणि टाक्या शोधाव्या लागतात.

सर्वांत समृद्ध जागा म्हणजे व्हाइटफील्ड. जोलारपेट्टईहून बंगळुरू छावणीकडे येणारा मार्ग १८६४ मध्ये सुरू झाला, आणि त्याच मार्गावर हे ठिकाण आहे. बाहेरच्या जगाला व्हाइटफील्ड म्हणजे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती. मात्र स्थानकाच्या आसपास उपग्रहचित्रात पाहिले, तर समांतर रूळ, लांबच लांब धक्के, गोदामांची पन्हाळी छपरे आणि रंगीबेरंगी आयतांच्या थप्प्या दिसतात. ते आयत म्हणजे कंटेनर. देशातले पहिले आंतरदेशीय कंटेनर आगार रेल्वेने १९८१ मध्ये बंगळुरूत सुरू केले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या कंटेनर महामंडळाकडे पुढे हे काम गेले, आणि आज ते आगार व्हाइटफील्डला आहे. कल्पना साधी आणि हुशार होती. समुद्रापासून दूर असलेल्या शहरात सीमाशुल्काची तपासणी करायची, पेटीला मोहोर लावायची आणि ती न उघडता बंदरापर्यंत न्यायची. बंदराचे दार समुद्रापासून उचलून दख्खनच्या पठारावर आणून ठेवण्याचाच हा प्रकार.

शेजारीच मालधक्का आहे. तिथे सिमेंटची, खताची, धान्याची पोती उतरतात. अन्न महामंडळाची गोदामेही याच परिसरात. आणि २०२३ च्या मार्चपासून या साऱ्याच्या कडेला मेट्रोचे शेवटचे स्थानक उंच खांबांवर उभे आहे. एका दृष्टिक्षेपात १८६४ चा मार्ग, १९८१ ची कल्पना आणि २०२३ चा खांब. लेआउटसाठी इतका अर्थपूर्ण कोपरा शहरात दुसरा नसावा.

येथे कोडेही वेगळे आहे. वाघिणींचा क्रम लावायचा नसतो. रेक आला, की घड्याळ सुरू होते. ठरलेल्या अवधीत माल उतरला नाही तर विलंब आकार लागतो. हमाल, ट्रक, पेट्या उचलणारी यंत्रे, इंजिन मोकळे करून दुसऱ्या टोकाला नेणे, आणि मुख्य मार्गावरच्या प्रवासी गाड्यांमधून वाट मिळण्याची प्रतीक्षा, हे सारे त्या घड्याळाखाली घडते. खेळ म्हणून हे इंगलनूकपेक्षा कमी रंजक आहे, असे म्हणवत नाही.

व्हाइटफील्डच्या पुढे देवनगोंथी येथे इंधनाच्या टाक्या आहेत. मंगळुरू–हासन–बंगळुरू ही ३६२ किलोमीटरची उत्पादनवाहिनी येथेच संपते. मॉडेलकाराने येथे घाई करू नये. इंधनाच्या टाक्या आणि टाकीवाघिणी एकत्र दिसल्या, की गाडी भरून आली असे गृहीत धरण्याचा मोह होतो. पण जमिनीखालून येणारी वाहिनी चित्रात दिसत नसते. अशा ठिकाणी वाघिणी भरल्या जातात की रिकाम्या होतात, हे रुळांलगतच्या रचनेवरून ओळखता येते. या वाघिणी वरून भरतात आणि खालच्या झडपेतून रिकाम्या होतात. रुळांवर वाघिणींच्या माथ्याशी पोहोचणारा उंच सांगाडा असेल तर भरणी, जमिनीलगत नळांची रांग असेल तर उतरणी.

तिसरी जागा येलहंका. १९८४ पासून येथे रेल्वेचा चाक कारखाना आहे, आणि साइडिंग ज्याच्या अंगणात शोभते असा हा खराखुरा कारखाना. रेल्वेत निरुपयोगी ठरलेली चाके, आस आणि इतर भंगार विद्युत कमानीच्या भट्टीत वितळवले जाते. वितळलेले पोलाद साच्यात वरून ओतत नाहीत. हवेच्या दाबाने ते नळीतून खालून वर, ग्राफाइटच्या साच्यात चढवले जाते. त्यामुळे खळबळ कमी होते, हवा कमी अडकते आणि चाक जवळपास तयार आकारातच बाहेर येते. आस मात्र ओतीव नसतो. पोलादाच्या ठोकळ्यावर घाव घालून तो घडवतात, मग चाके त्यावर दाबून बसवतात. जुनी चाके आत जातात आणि नवी चाके बाहेर येतात. एवढे सुटसुटीत कथानक असलेला कारखाना मॉडेलकाराला शोधूनही सापडणार नाही. भंगाराचा ढीग आणि तयार चाकांची रांग समोरासमोर दाखवली, की पाहणाऱ्याला फलक वाचावा लागत नाही.

आता प्रश्न नाहीशा झालेल्या साइडिंगांचा. रूळ उखडले, वर रस्ता झाला, शेजारी इमारत उठली, की साइडिंग कागदावरूनही पुसली जाते. अशा वेळी जमिनीच्या हद्दी साक्ष देतात. रस्ता काटकोनात वळू शकतो, रेल्वे वळू शकत नाही. रुंदमापी मार्गावर दहा अंशांपेक्षा तीव्र वळण चालत नाही, आणि दहा अंश म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. उपग्रहचित्रात एखाद्या कुंपणाची रेषा मंद चापासारखी वळत गेलेली दिसली, तर तिची त्रिज्या मोजावी. चापावर १०० मीटरची जीवा धरली आणि तिच्या मध्यापासून चापापर्यंतचे अंतर ७ मीटर भरले, तर जीवेच्या वर्गाला त्या अंतराच्या आठपटीने भागून त्यात त्या अंतराचे अर्धे मिळवायचे. उत्तर येते सुमारे १८२ मीटर. संशयाला जागा आहे, असे समजावे. त्या अंतराला जुन्या गणितात शर म्हणतात, आणि जीवा, शर व व्यास यांचे हे नाते भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीचे सूत्र उखडलेल्या रुळांचा माग काढते, हा योगायोग विद्यार्थ्यांनी एकदा स्वतः करून पाहण्याजोगा आहे. अर्थात चाप दिसला म्हणजे साइडिंग सिद्ध झाली असे नाही. जुना स्थलवर्णन नकाशा किंवा निवृत्त कर्मचाऱ्याची आठवण, असा दुसरा स्वतंत्र पुरावा हवा. शहरातले अनेक जुने कारखाने संरक्षण खात्याशी जोडलेले आहेत. तेथे कुंपणाजवळ कॅमेरा घेऊन उभे राहणे हा संशोधनाचा मार्ग नव्हे. उघड उपलब्ध असलेल्या चित्रांवर आणि सार्वजनिक फलाटांवर भागवावे.

जागा सापडली, की ती आक्रसावी लागते, आणि इथे भारतीय मॉडेलकाराची खरी अडचण सुरू होते. जगभर रूढ असलेल्या १:८७ या प्रमाणातला रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय मार्गासाठी ठरला. आपला मार्ग १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे १:८७ मध्ये तो १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. बाजारातल्या रुळांवर भारतीय डबे ठेवले, की ते अरुंद पायांवर उभे राहिल्यासारखे दिसतात. बहुतेक जण ही तडजोड पत्करतात आणि ती क्षम्य आहे.

लांबीची तडजोड मात्र विचारपूर्वक करावी लागते. कंटेनरचा पूर्ण रेक ४५ वाघिणींचा, त्यावर वीस फुटी ९० पेट्या. अशा रेकसाठी धरली जाणारी ६८६ मीटरची मार्गिका १:८७ मध्येही ७.९ मीटर होते. बंगळुरूतल्या सदनिकेत तेवढी भिंत कोणाकडे असते? १७५ मीटरचे वळण २ मीटर त्रिज्येचे होते, तर घरगुती लेआउटवर अर्ध्या मीटरचेही मिळणे कठीण. म्हणून ४५ ऐवजी १२ वाघिणी घ्याव्यात. गाडी दोन मीटरच्या आसपास बसते. फक्त साऱ्या वाघिणी एकाच जातीच्या असाव्यात. संख्या कमी केली तरी रेकचा स्वभाव टिकतो, पण हौसेपोटी मध्ये एक टाकीवाघीण घुसवली की तो जातो.

वजनाचे गणित आणखी विलक्षण. लांबी ८७ पटींनी घटली, तर वजन ८७ च्या घनाने, म्हणजे ६,५८,५०३ पटींनी घटते. चार आसांवर प्रत्येकी २०.३२ टन भार असलेली ८१.२८ टनांची भरलेली वाघीण टेबलावर अवघी १२३ ग्रॅमची उरते. टेबलावरची गाडी बटण दाबताच थांबते आणि खरी गाडी थांबायला लांबलचक अंतर घेते, त्यामागे वजनाची ही तफावत मोठी आहे. व्हाइटफील्डला रेक किती हळू धक्क्याला लागतो हे ज्याने पाहिले आहे, तो मॉडेलचे इंजिनही तितकेच संथ चालवतो.

बंगळुरू ग्रामीण जिल्ह्यात, दोड्डबळ्ळापूर–डाबसपेट परिसरातल्या मुद्देलिंगनहळ्ळी येथे सुमारे ४०० एकरांवर बहुमार्गीय लॉजिस्टिक पार्कची योजना आखली गेली आहे. एका बाजूला राष्ट्रीय महामार्ग, लगत औद्योगिक क्षेत्र आणि दक्षिणेला हुबळीमार्गे मुंबईकडे जाणारा लोहमार्ग. पुस्तकातल्या चित्राच्या सर्वांत जवळ जाणारी जागा बहुधा हीच ठरेल. तिच्या साइडिंगा जमिनीवर उतरत असतानाच कोणी त्यांची महिन्या-महिन्याची उपग्रहचित्रे जपून ठेवली, सांध्यांची जागा आणि वळणांच्या त्रिज्या टिपल्या, तर पन्नास वर्षांनी कुणाला कुंपणाच्या रेषांवरून शर मोजत बसावे लागणार नाही.