अक्कलदाढेनंतरचे दिवस

माझी खालची डावी अक्कलदाढ दुखायला लागली ती ऐन गणपतीत. भारतमातापासून चिंचपोकळीपर्यंत रस्ता माणसांनी भरलेला, लालबागच्या राजाच्या दर्शनाची रांग आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलेली, आणि माझं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. गिळताना घशापासून कानापर्यंत कळ जायची. दाढेच्या मागच्या हिरडीला जीभ लागली तरी डोळ्यांत पाणी यायचं. घरात उकडीचे मोदक झाले होते, तेही मला नुसते जिभेने दाबून गिळावे लागले.

आजीने लगेच तिचा डबा पुढे केला. "बोटावर चिमूटभर घे आणि दाढेला दाबून धर. घटकाभरात बधिर होईल."

त्या डब्यात मिश्री होती. आमच्या चाळीत वाढलेल्या प्रत्येकाला तिचा वास माहीत आहे. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची आणि ती पूड दातांना, हिरड्यांना लावायची. आजी लग्न होऊन मालवणकडून लालबागला आली ती थेट खाणावळीच्या चुलीपुढे. पंचवीस-तीस गिरणी कामगार दोन वेळा जेवायचे. पहिल्या पाळीच्या लोकांचे डबे पहाटेच भरावे लागत. त्या वेळी चूल पेटवण्याआधी मिश्री लावायची, म्हणजे झोप उडते आणि पोटाला आधार वाटतो, असं तिला शेजारणीने शिकवलं. १९८२च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, खाणावळ बंद पडली, मिश्री मात्र राहिली. दात दुखला की मिश्री, हिरडी सुजली की मिश्री. तिच्या पिढीतल्या बायकांना दाताचा डॉक्टर परवडत नव्हता आणि त्यासाठी खाडा करणं तर त्याहून नाही. त्यामुळे तिच्यावर रागावावं असं मला कधी वाटलं नाही. डबा मी हलकेच बाजूला सरकवला आणि कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरल्या.

विसर्जन होईपर्यंत नाक्यावरच्या डॉक्टरांच्या अँटिबायोटिकवर दिवस काढले. मग दादरला एका दंतचिकित्सकांकडे गेले. त्यांनी जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढायला सांगितला, ज्याला ते ओपीजी म्हणतात. हनुवटी टेकवून उभं राहायचं, पुढच्या दातांत एक छोटी दांडी धरायची आणि यंत्र डोक्याभोवती गोल फिरतं. पडद्यावर माझी दाढ पाहिली तेव्हा दुखण्याचं कारण कुणी न सांगताही दिसलं. ती उभी नव्हतीच. पुढच्या दाढेच्या दिशेने कलून तिच्या कुशीत डोकं खुपसून पडली होती. अर्धी हिरडीबाहेर, अर्धी आत.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. अक्कलदाढा साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान येतात. तोवर जबड्यातली जागा बाकीच्या दातांनी घेतलेली असते. दाढ अर्धवट वर आली की तिच्यावर हिरडीचं एक झाकण राहतं. त्या झाकणाखाली अन्न अडकतं, जंतू वाढतात, हिरडी सुजते, आणि चावताना वरची दाढ त्याच सुजेवर आपटते. तोंड उघडत नाही ते जबड्याचे स्नायू आखडल्यामुळे. औषधाने सूज उतरते, पण झाकण तसंच राहिलं तर दुखणं परत येतं. त्यांनी हेही सांगितलं की प्रत्येकाची अक्कलदाढ काढावी लागत नाही. सरळ आलेली, स्वच्छ राहणारी, न दुखणारी दाढ तशीच राहू द्यावी. माझी पुढच्या चांगल्या दाढेलाही किडवणार होती, म्हणून काढायची.

शस्त्रक्रियेची मला फार भीती होती. प्रत्यक्षात तो भाग सगळ्यांत सोपा गेला. जबड्याच्या मागच्या बाजूला सुई टोचली, क्षणभर छाती धडधडली. "औषधात अ‍ॅड्रिनलिन आहे, त्याने असं होतं, आता थांबेल," असं डॉक्टर म्हणाले, आणि ती थांबली. खालचा ओठ अर्धा जड झाला, मग हनुवटी. दाढ अखंड निघणार नव्हती. हिरडी उघडून, थोडं हाड तासून, दाढेचे तुकडे करून ते एकेक काढले. दुखलं नाही, फक्त जोर जाणवला आणि एकदा 'कट्ट' असा आवाज थेट कवटीत घुमला. काळ्या रेशमाचे टाके पडले, वर कापसाचा बोळा, आणि मी बाहेर.

त्यानंतर जे सुरू झालं त्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. दाढ काढली म्हणजे झालं, असा समज आहे. वास्तविक काम तिथून सुरू होतं.

दाढ निघाल्यावर खड्ड्यात रक्त साचून गोठतं. ती गुठळी म्हणजे उघड्या हाडावरची खपली. खपली टिकली तर तिच्याखाली नवं मांस, मग हाड भरतं. म्हणून पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, लाळ आली तर गिळायची. चुळा भरायच्या नाहीत. स्ट्रॉने काही ओढायचं नाही. गरम खायचं नाही, धूम्रपान तर मुळीच नाही. बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. बाहेरून गालाला बर्फ लावायचा, तोही पहिल्या दिवसापुरताच. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा दुसऱ्या दिवसापासून, त्याही हळू, तोंडात पाणी नुसतं फिरवून सोडून द्यायच्या.

आमच्या घरी याच्या अगदी उलट समजुती होत्या. तोंडात रक्त आलं की थुंकायचं, जखम झाली की गरम पाण्याने शेकायचं, वारंवार चुळा भरायच्या. आईला मी डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला आणि तिने तो मोरीच्या वर चिकटवून ठेवला. शेजारच्या काकू हळदीचं गरम दूध घेऊन आल्या, तर आई त्यांना म्हणाली, "काकू, थंड होऊ दे मग देते. आज गरम चालत नाही."

खाण्याच्या बाबतीत मात्र आजीला तोड नव्हती. उकड्या तांदळाची पेज, तिच्यात मीठ आणि तूप. दुसऱ्या दिवशी मूगडाळ घालून आटवल, अगदी मऊ, कोमट. मग तिखट न घालता कुळथाची पिठी. नाचणीची आंबील. ठाकूरद्वारची आत्या गिरगावातून पियूष घेऊन आली, ते मी चमच्याने खाल्लं. गालावर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त होती, आणि तेही आधी सांगितलेलं असल्याने आरशात पाहून घाबरले नाही. मी परळच्या एका शाळेत शिकवते. तोंड उघडत नसताना वर्गात उभं राहणं शक्य नव्हतं, रजा घेतली. ज्यांना बोलण्याचं काम आहे त्यांनी निदान आठवडाभराची सोय आधीच करून ठेवावी.

सूज उतरली, आणि आता बरं वाटेल असं म्हणेपर्यंत पुन्हा दुखायला लागलं. हे दुखणं निराळं होतं. दाढेच्या जागेपासून कानात, कानशिलात चढणारं, रात्री झोपू न देणारं. गोळी घेतली की तासाभराने परत. तोंडाला वाईट चव आणि वास. मी सगळे नियम पाळले होते, तरी खड्ड्यातली गुठळी टिकली नव्हती आणि आतलं हाड उघडं पडलं होतं. याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात. खालच्या अक्कलदाढांच्या अवघड शस्त्रक्रियेनंतर काही जणांना ते होतं. धूम्रपान करणाऱ्यांना जास्त होतं, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतं, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. कुणी चुकलंच असलं पाहिजे असं नसतं.

ते सहन करत बसायचं नाही, हे मला कुणीतरी ओरडून सांगायला हवं होतं. आई म्हणाली म्हणून मी रात्र काढून सकाळीच गेले. डॉक्टरांनी खड्डा सलाइनने धुतला आणि त्यात औषधाची पट्टी भरली. खुर्चीवरून उठायच्या आत कळ ओसरली. पट्टीला लवंगेचा वास होता. लवंगेच्या तेलातला युजेनॉल हा घटक दुखणं बधिर करतो, दंतवैद्यकात तो फार पूर्वीपासून वापरात आहे. म्हणजे दाढेखाली लवंग धरायला सांगणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या वेदनेपुरत्या बरोबर होत्या. नुसतं तेल मात्र जखमेत ओतू नये, त्याने हिरडी भाजते. पट्टी एक-दोनदा बदलली आणि दुखणं गेलं.

उजवीकडची दाढ तशीच आडवी होती. ती काढायला मी मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयात गेले. १९३३ साली सुरू झालेली ही संस्था आता महापालिका चालवते. लालबाग-परळची, गिरगावची कितीतरी कुटुंबं दातांसाठी इथेच येतात. सकाळी केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं. रांग मोठी असते, वेळ लागतो, पण ओळीने मांडलेल्या खुर्च्यांवर शिकणारे डॉक्टर आणि त्यांच्या मागे उभे राहणारे प्राध्यापक पाहून मला धीर आला. आजी हट्टाने सोबत आली होती.

तिथल्या तरुण डॉक्टरने मला विचारलं, "ताई, तंबाखू, सुपारी, मिश्री काही?" मी नाही म्हटलं. मग बाकावर बसलेल्या आजीकडे बघून ती म्हणाली, "आजी, तुम्ही?" आजीने मान हलवली, लपवलं नाही. "मग तुमचंही तोंड बघू या ना," म्हणत तिने आजीला खुर्चीवर बसवलं. आरशाने गाल बाजूला केला आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही. खालच्या ओठाच्या आत, जिथे आजी वर्षानुवर्षं मिश्री दाबून धरत होती, तिथे पांढरा चट्टा होता. पुसून न जाणारा.

त्या दिवशी माझ्या दाढेचं काय झालं ते मला नीट आठवत नाही. चट्ट्याचा छोटा तुकडा तपासायला पाठवायचा ठरला. निकाल येईपर्यंत मी रोज परळहून घरी येताना टाटा रुग्णालयाच्या समोरून जात होते. १९४१ साली उघडलेल्या या रुग्णालयाबाहेर पदपथावर राहणारी, देशभरातून आलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्यांतल्या अनेकांच्या गालावर, जबड्यावर पट्टी असते. ते सगळं पूर्वीही दिसत होतं, पण ते आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्याशी जोडून मी कधी पाहिलं नव्हतं.

तुकड्यात कर्करोग निघाला नाही. मिश्री पूर्ण बंद करायची आणि ठरावीक महिन्यांनी दाखवायला यायचं, असं सांगितलं. आजीने बंद केली. पहिले काही आठवडे तिची चिडचिड झाली, डोकं दुखलं, पहाटे हात डब्याकडे जायचा. तिने बडीशेप चघळली, मला फोन करून बोलत बसली, आणि निभावलं. चट्टा पुसट झाला आहे. अजून दाखवायला जातो.

ही एकट्या आमच्या घराची गोष्ट नाही. १९९६ साली मुंबईतल्या ९९ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. पस्तीस वर्षांवरच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या, आणि जवळजवळ सगळ्याच जणी न ओढता, म्हणजे मिश्री लावून किंवा चघळून. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कुठली बंदी अडवणार? ती औषध म्हणून हातात येते, मायेने येते, म्हणूनच नाकारायला जड जाते. दुखणाऱ्या दाढेवर ती क्षणभर बधिरपणा आणते आणि त्या आडून कीड, पू, चट्टा वाढत राहतो. दाताचं दुखणं बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात, कारण ते मरण्याइतकं मोठं कधी वाटत नाही.

उजवी दाढ नंतर ठरलेल्या तारखेला निघाली. तिची मुळं जबड्यातल्या नसेजवळ होती, म्हणून आधी आणखी एक स्कॅन केला आणि ओठ काही काळ बधिर राहू शकतो, हे सांगून सही घेतली. संध्याकाळपर्यंत ओठ मोकळा झाला. गुठळी टिकली. सातव्या दिवशी टाके निघाले. या वेळी पेज मी आणि आजी दोघींनी मिळून खाल्ली, कारण तिच्याही दोन किडलेल्या दाढा त्याच सुमारास काढल्या होत्या.

तुमच्या घरात कुणाची दाढ दुखत असेल तर मिश्री, तंबाखू किंवा जळतं तेल लावून थांबू नका. नायर दंत रुग्णालय मुंबई सेंट्रल स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सकाळी लवकर जा. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत न्या आणि आधीच सांगा. दाढ काढल्यावर काही दिवसांनी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, तर त्याच दिवशी परत जा. आणि सोबत आलेल्या आईचं, आजीचं, मावशीचं तोंडही तिथेच दाखवून घ्या.